रंग उजळणारी मलमं आणि पश्चिम आफ्रिकेतल्या स्त्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेनेगल, माली, टोगो, घाना, आयव्हरी कोस्ट, नायजेरिया या देशांत अंगाचा रंग उजळण्यासाठी औषधी मलमं लावण्याची पद्धत गेल्या पन्नासेक वर्षांत घराघरांत पोचली आहे. तिथले त्वचारोगतज्ज्ञ तेव्हापासून तिचे परिणाम नोंदवत आले आहेत, आणि आता आपल्याकडच्या डॉक्टरांनाही तेच परिणाम दिसू लागले आहेत. या विषयावर लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण थोडक्यात सांगितलं तर गैरसमज होईल.

आपल्याकडे फेअरनेस क्रीम लावतात, तसाच हा प्रकार आहे ना?

नाही. आपल्याकडे दुकानात मिळणारं साधं फेअरनेस क्रीम बहुतेक जणी चेहऱ्यापुरतं लावतात. पश्चिम आफ्रिकेत हे मलम मानेपासून पायांपर्यंत सगळ्या अंगाला चोळतात, दिवसातून एकदा किंवा दोनदा, आणि वर्षानुवर्षं. सेनेगलमध्ये याला खेस्सल म्हणतात, मालीत चाचो. नायजेरियात आणि घानात ब्लीचिंग म्हणतात, आणि ज्यांना तो शब्द नको वाटतो त्या टोनिंग म्हणतात.

शिवाय हे एकच मलम नसतं. बाजारात पत्र्याच्या टपरीत एखादी विक्रेती प्लास्टिकची मोठी बरणी घेऊन बसलेली असते. आधी साधं बॉडी लोशन ओतते. त्यात स्टेरॉइडच्या दोन-तीन ट्यूब पार शेवटपर्यंत पिळते, वरून उजळवणाऱ्या क्रीमची डबी रिकामी करते, कधी एखादी कुपी फोडून तिच्यातलं द्रव टाकते आणि लाकडी चमच्याने घोटते. गिऱ्हाइकाला किती लवकर आणि किती उजळ व्हायचं आहे, त्यावर ट्यूबची संख्या ठरते. बरणीवर लेबल नसतं. आत काय गेलं ते विकणारीला ठाऊक असतं, लावणारीला अनेकदा नसतं.

हे किती स्त्रिया करतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या माहितीपत्रकात नियमित वापरणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण मालीत २५ टक्के, सेनेगलमध्ये २७ टक्के, टोगोत ५९ टक्के आणि नायजेरियात ७७ टक्के दिलं होतं. हे आकडे जगभर उद्धृत होतात. ते वापरताना मात्र जपून वापरावेत, असं माझं मत आहे. यातली बरीच पाहणी एखाद्या शहरात, एखाद्या बाजारात किंवा दवाखान्यात काहीशे लोकांवर झालेली आहे. नायजेरियाचा ७७ चा आकडा २००२ मध्ये छापलेल्या, लागोसमधल्या बाजारातल्या विक्रेत्यांच्या पाहणीशी जुळतो. लागोसचा बाजार म्हणजे अख्खा नायजेरिया नव्हे. तिथल्या बायकांना हा आकडा सारखा ऐकवला जातो आणि त्यांना तो अपमानास्पद वाटतो, हेही समजण्यासारखं आहे.

तरीही शहरांमध्ये ही सवय फार मोठ्या प्रमाणावर आहे, याबद्दल तिथल्या डॉक्टरांमध्ये दुमत नाही. पुरुषही वापरतात, पण कमी.

या मलमांत असतं तरी काय?

मुख्यतः तीन गोष्टी, आणि तिन्ही औषधाच्या किंवा विषाच्या वर्गातल्या.

पहिली हायड्रोक्विनोन. आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं आणि ते तयार करायला टायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) लागतं. हायड्रोक्विनोन त्या विकराला अडवतं. या जातीची रसायनं रंग घालवतात हे अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या अखेरीस एका कातडी कारखान्यात कळलं. तिथल्या कृष्णवर्णीय कामगारांच्या हातांवर आणि मनगटांवर पांढरे पट्टे पडले. शोध घेतला तेव्हा त्यांच्या रबरी हातमोज्यांत हायड्रोक्विनोनचा एक नातलग सापडला. म्हणजे जी गोष्ट कामगारांना झालेली इजा म्हणून प्रथम नोंदली गेली, तीच पुढे डबीत भरून सौंदर्यप्रसाधन म्हणून विकली गेली. हे मला आजही अस्वस्थ करतं.

दुसरी गोष्ट स्टेरॉइड. त्यातही क्लोबेटासोल, जे स्टेरॉइड मलमांच्या उतरंडीत अगदी वरच्या पायरीवर आहे. सोरायसिससारख्या हट्टी आजारात डॉक्टर ते थोड्या जागेवर, थोडे दिवस देतात. सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त नको, ही त्याची वैद्यकीय मर्यादा. खेस्सल करणारी स्त्री तेच सगळ्या अंगाला रोज लावते. मर्यादा कुठल्या कुठे मागे पडते.

तिसरी गोष्ट पारा. पाऱ्याचे क्षार साबणांत आणि क्रीममध्ये घालतात. टायरोसिनेजला काम करायला तांबं लागतं, पारा त्या तांब्याच्या जागी शिरून विकर बंद पाडतो. युरोपीय समुदायाने १९७६ मध्ये आपल्या लोकांसाठी पाऱ्याची प्रसाधनं बंद केली. आफ्रिकेला जाणारे पाऱ्याचे साबण मात्र युरोपातल्याच कारखान्यांत त्यानंतरही बरीच वर्षं बनत राहिले.

पण सुरुवातीला त्वचा खरंच छान दिसते ना? मग बिघडतं कुठे?

हो, छान दिसते, आणि सगळी अडचण तिथेच सुरू होते. स्टेरॉइड लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रंग उजळतो, मुरुम बसतात, खाज थांबते, चेहरा एकसारखा, तुकतुकीत दिसतो. कुणीतरी विचारतं, काय लावतेस गं? ती सांगते. मलम असंच एकीकडून दुसरीकडे पोचतं, आणि सांगणारी खोटं बोलत नसते.

आत काय चाललेलं असतं? स्टेरॉइड त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसवतं, दाह दाबतं, रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. त्याच वेळी त्वचेला जाडी आणि बळ देणारे तंतूही तयार होणं कमी होतं. काही महिन्यांनी कातडी पातळ होते. काखेत, मांड्यांवर, छातीवर, दंडांवर रुंद चरे पडतात. बाळंतपणानंतर पोटावर पडतात त्याहून कितीतरी रुंद, आणि ते जात नाहीत. चेहऱ्यावर बारीक लाल शिरा दिसू लागतात. मुरुम परत येतात, आता स्टेरॉइडचे. साधं गजकर्ण असेल तर स्टेरॉइड त्याची लाली दाबतं पण बुरशी वाढतच राहते, त्यामुळे ते अंगभर पसरतं आणि ओळखू येईनासं होतं. खरजेचंही तसंच.

घाबरून मलम बंद केलं तर? त्वचा लाल होते, आग होते, खाज सुटते, पुरळ उसळतं आणि रंग आधीपेक्षा गडद होतो. मग ती बाई पुन्हा ट्यूब उघडते. दोन दिवसांत आग शांत होते. तिची खात्री पटते की मलम हे औषध आहे आणि मलम सोडणं हा आजार. हे चक्र समजून न घेता कुणी तिला "एवढं कळत नाही का?" असं विचारत असेल, तर तो प्रश्न अन्यायाचा आहे.

गालांवर निळसर काळे डाग पडतात ते कशाने?

बहुतेक वेळा हायड्रोक्विनोनमुळे. या विकाराला ऑक्रोनोसिस म्हणतात. गालाची हाडं, कपाळ, कानशिलं, मानेच्या बाजू, म्हणजे जिथे ऊन जास्त लागतं तिथे राखाडी-निळा काळपटपणा येतो आणि हाताला बारीक कणी लागते. १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याचं वर्णन केलं, आणि १९९० मध्ये त्या देशाने प्रसाधनांतलं हायड्रोक्विनोन बंद केलं. पश्चिम आफ्रिकेत हे डाग आजही नेहमी दिसतात.

यातली वाईट गोष्ट अशी की डाग दिसला की बाई त्यावर अजून क्रीम लावते. क्रीममुळेच झालेला डाग क्रीमने जाईल या आशेने ती लावते आणि तो गडद होत जातो. ऑक्रोनोसिस बरा करणं त्वचारोगतज्ज्ञांनाही फार जड जातं. लेझरनेही तो पुरता जाईल याची हमी देता येत नाही.

हाताची बोटं काळी आणि बाकी अंग उजळ असं का दिसतं?

बोटांचे सांधे, कोपरं, गुडघे, घोटे या जागांची त्वचा जाड असते आणि सतत घासली जाते. तिथे मलमाचा परिणाम कमी होतो. त्यामुळे चेहरा नारिंगी-पिवळट आणि बोटांची पेरं गडद असा फरक राहतो. नायजेरियात आणि घानात यावरून "फँटाचा चेहरा, कोकाकोलाचे पाय" असं चिडवतात. हा फरक मिटवण्यासाठी काही विक्रेते सांध्यांसाठी वेगळं, जास्त जहाल मिश्रण विकतात, आणि भाजल्याच्या जखमा बहुधा त्यानेच होतात.

नुकसान त्वचेपुरतंच आहे का?

नाही. अंगभर लावलेलं मलम रक्तात उतरतं, त्यातही पातळ झालेल्या कातडीतून जास्त.

स्टेरॉइडने वजन वाढतं, चेहरा गोल होतो, रक्तदाब आणि साखर चढते. डाकारमध्ये झालेल्या अभ्यासात दीर्घकाळ खेस्सल करणाऱ्या स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांचा संबंध दिसला होता. डोळ्यांजवळ लावत राहिलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवतात. बाहेरून एवढं येतंय म्हटल्यावर त्या काम थांबवतात. मग मलम एकाएकी बंद झालं, किंवा मोठा ताप आला, शस्त्रक्रिया झाली, तर शरीराकडे हाताशी काहीच नसतं. रक्तदाब कोसळतो, माणूस दगावू शकतो.

शस्त्रक्रियेचं निराळं दुखणं आहे. अशा पातळ त्वचेला टाके धरत नाहीत, जखमा भरायला वेळ घेतात. सिझेरियन करणाऱ्या डॉक्टरांना हे चांगलं ठाऊक असतं.

पायाला धावरं होणं, म्हणजे पाय लाल होऊन सुजणं आणि थंडी वाजून ताप येणं, हा जंतुसंसर्गही यात येतो. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आठ देशांत मिळून झालेल्या एका अभ्यासात, लठ्ठपणा, पायाची जुनी सूज आणि दुर्लक्षित जखमा यांच्याबरोबर रंग उजळवण्याची सवय हे धावऱ्याचं एक कारण म्हणून पुढे आलं.

पारा मुख्यतः मूत्रपिंडावर जातो. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पाय आणि डोळ्यांखालचा भाग सुजतो. केनियात नैरोबीच्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पाऱ्याच्या क्रीममुळे तरुण बायकांना हा आजार होतो हे दाखवून दिलं होतं. पारा नसांवरही परिणाम करतो : झोप उडते, चिडचिड होते, हात थरथरतात, बधिरपणा येतो. आणि तो लावणारीपुरता राहत नाही. टॉवेल, उशी, मांडीवरचं मूल, सगळ्यांना लागतो. बाळाला कुणीच क्रीम लावत नसताना त्याच्या लघवीत पारा आला, तर आधी आईच्या, आजीच्या, सांभाळणाऱ्या बाईच्या डब्या बघाव्यात.

गरोदरपणात काय?

डाकारमध्ये ९९ गरोदर स्त्रियांची पाहणी झाली आणि ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ६८ जणी गरोदरपणातही उजळवणारी मलमं लावत होत्या. जहाल स्टेरॉइड वापरणाऱ्या २८ जणी होत्या. त्यांच्या रक्तात कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) कमी, वार (प्लॅसेंटा) लहान आणि कमी वजनाची बाळं जास्त, असं आढळलं. संख्या लहान आहे, पण स्टेरॉइडबद्दल आधीपासून जे माहीत आहे त्याच्याशी हे जुळतं.

पोटातलं बाळच गोरं व्हावं म्हणून गोळ्या घेण्याचा प्रकारही निघाला आहे. ग्लुटाथायोन या रसायनाच्या गोळ्या याच दाव्याने विकल्या जात असल्याचं दिसल्यावर घानाच्या अन्न आणि औषध प्राधिकरणाने २०१८ मध्ये गरोदर स्त्रियांना जाहीर इशारा दिला. आईने घेतलेल्या गोळीने बाळाचा रंग बदलतो याला काहीही आधार नाही. आपल्याकडे गरोदर सुनेला केशराचं दूध देताना जी इच्छा बोलून दाखवतात, तीच ही इच्छा. फरक एवढाच की दुधातल्या चिमूटभर केशराने सहसा बाळाला अपाय होत नाही.

कॅन्सर होतो का?

काळ्या त्वचेत मेलॅनिन भरपूर असतं आणि ते उन्हापासून फार चांगलं संरक्षण देतं. म्हणूनच पश्चिम आफ्रिकेत उन्हामुळे होणारा त्वचेचा कॅन्सर विरळा. आता सेनेगलमधल्या डॉक्टरांनी दहा, पंधरा, वीस वर्षं खेस्सल केलेल्या स्त्रियांच्या मानेवर आणि उघड्या भागांवर या कॅन्सरची प्रकरणं नोंदवली आहेत. प्रकरणं अजून थोडी आहेत, त्यामुळे "क्रीम लावलं की कॅन्सर" असं म्हणणं चूक ठरेल. पण विषुववृत्ताजवळच्या उन्हात स्वतःची छत्री मिटून उभं राहण्यासारखं हे आहे, आणि वापराची वर्षं वाढतील तसा धोका वाढत जाणार.

इंजेक्शन आणि सलाईन घेतलं तर मलमाचा त्रास टळतो का?

टळत नाही, वेगळा होतो. ग्लुटाथायोनची इंजेक्शनं रंगासाठी परिणामकारक आणि सुरक्षित आहेत असा भरवशाचा पुरावा नाही. ॲलर्जीचे गंभीर झटके, यकृत आणि मूत्रपिंडाला इजा यांच्या नोंदी आहेत. ब्यूटी पार्लरमध्ये शिरेतून काहीही घेऊ नये.

एवढं सगळं माहीत असून बायका का लावतात?

सगळ्यांना सगळं माहीत नसतं, ही पहिली गोष्ट. डबीवर "टोनिंग", "क्लॅरिफाइंग", "हर्बल" असे शब्द असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे उजळ रंगाचा तिथे रोजच्या आयुष्यात फायदा होतो. वसाहतीच्या काळात कारभार, कचेऱ्या, शाळा गोऱ्यांच्या हातात होत्या आणि रंगाला किंमत आली ती तिथे. राज्यकर्ते गेले, किंमत राहिली. जाहिरातीतली, दूरदर्शनवरची, दुकानाच्या काउंटरमागची मुलगी उजळ असते. लग्नाच्या बाजारातही तोच हिशेब. सेनेगलमध्ये बारसं, लग्न अशा मोठ्या समारंभाआधी बायका मलमाचं प्रमाण वाढवतात, कारण सगळं गाव आणि सासर बघणार असतं. नवऱ्याला आवडतं म्हणून लावणाऱ्या आहेत, आणि नवरा रागावतो म्हणून लपवून लावणाऱ्याही आहेत. "पत्रिकेत गोरी मुलगी हवी" हे वाचत मोठं झालेल्या आपल्याला यातलं काहीच परकं वाटायला नको.

विरोधही तिथलाच, आणि जुना आहे. नायजेरियाचे गायक फेला कुटी यांनी १९७६ मध्येच आपल्या गाण्यातून या सवयीवर कडक टीका केली होती. २०१२ मध्ये डाकारच्या रस्त्यांवर "खेस्स पेच" नावाच्या क्रीमचे भलेमोठे फलक लागले. एकाच तरुणीचे दोन फोटो, आधी काळी, मग उजळ, आणि १५ दिवसांत फरक असं वचन. शहरात संताप उसळला. सह्यांची मोहीम निघाली आणि काळ्या रंगाचा अभिमान सांगणारी "न्यूल कुक्क" ही मोहीम उभी राहिली. न्यूल कुक्क म्हणजे काळाकुळकुळीत. डाकारमध्ये त्वचारोगतज्ज्ञ डॉ. फातिमाता ली आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं दवाखान्यात आणि वस्त्यांमध्ये याच विषयावर काम करत आले आहेत. बाहेरून कुणी येऊन आफ्रिकी बायकांना शहाणपण शिकवावं अशी गरज तिथे नाही. गरज आहे ती जहाल औषधं काउंटरवरून हटवण्याची.

सरकारं बंदी का घालत नाहीत?

घालतात. आयव्हरी कोस्टने २०१५ मध्ये पारा, स्टेरॉइड आणि २ टक्क्यांपेक्षा जास्त हायड्रोक्विनोन असलेली उजळवणारी उत्पादनं बंद केली. घानाने ऑगस्ट २०१६ पासून प्रसाधनांत हायड्रोक्विनोनला पूर्ण मनाई केली. नायजेरियात नाफ्डॅक ही नियामक संस्था छापे घालते, माल जप्त करते.

पाऱ्याबद्दल मिनामाता हा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो २०१७ मध्ये अंमलात आला. त्यात आधी दर दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त पारा असलेल्या प्रसाधनांवर २०२० पासून बंदी होती. २०२३ च्या अखेरीस जिनिव्हाच्या बैठकीत ती मर्यादाही काढून टाकून, पारा घातलेलं कुठलंही प्रसाधन २०२५ नंतर नको असं ठरलं. त्यासाठी आफ्रिकी देशांनी जोर लावला होता.

अंमलबजावणी मात्र अवघड आहे. सीमा मोकळ्या, माल छोट्या पेट्यांतून येतो, लेबलं खोटी, आणि स्टेरॉइडच्या ट्यूब तर औषध म्हणून कायदेशीर असतात. चिठ्ठीशिवाय विकल्या जातात, हा प्रश्न आहे. कारखाने परदेशी असल्यामुळे एका देशाने दार लावलं की माल शेजारून येतो.

याचा महाराष्ट्राशी काय संबंध?

दोन बाजूंनी आहे. नायजेरियाच्या बाजारात मिळणाऱ्या स्टेरॉइड मलमांपैकी काही भारतात बनलेली असतात. विकणाऱ्यांत आपणही आहोत, हे विसरून चालणार नाही.

दुसरी बाजू आपल्या घरातली. अकोल्यात एका तरुणीला, तिच्या आईला आणि बहिणीला एकापाठोपाठ मूत्रपिंडाचा विकार झाला. कारण लक्षात येईना. तिघीही एकच उजळवणारं क्रीम लावत होत्या, ब्यूटी पार्लरवालीकडून घेतलेलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली आणि त्यात पारा निघाला. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी आली. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत तो विकार सहसा क्वचित दिसणाऱ्या प्रकाराचा होता, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी उजळवणारी क्रीम लावत असल्याचं सांगितलं. नैरोबीत पन्नास वर्षांपूर्वी जे दिसलं, तेच.

स्टेरॉइडचं तर विचारूच नका. डॉक्टरांनी गजकर्णासाठी दिलेली ट्यूब चेहऱ्याला लावून रंग उजळला म्हणून तीच चालू ठेवणाऱ्या मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. आपल्या सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तुमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात ती चिठ्ठीशिवाय मिळतात का, ते तुम्हाला माहीत आहे.

डबी बघून धोका ओळखता येतो का?

थोडाफार. नावाच्या शेवटी "सोल" किंवा "सोन" येणारं घटकद्रव्य, जसं क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, दिसलं तर ते स्टेरॉइड समजा. पाऱ्यासाठी मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, अमोनिएटेड मर्क्युरी असे शब्द असतात. शब्द नसतील पण "चांदी, सोनं, ॲल्युमिनियम, दागिने यांना लागू देऊ नका" अशी सूचना असेल, तर पाऱ्याचाच संशय घ्या, कारण पारा धातूंना धरतो. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, घटकांची यादी नाही, आठवड्यात फरकाची हमी आहे : अशी डबी घरात आणू नका. लेबल स्वच्छ असलं म्हणून आतला माल स्वच्छ असेलच असं नाही. खात्री फक्त प्रयोगशाळेत होते.

मी बरीच वर्षं असं मलम लावत आहे. उद्यापासून बंद करू का?

पाऱ्याचं असेल तर आजच बंद करा आणि लघवीची तपासणी करून घ्या.

स्टेरॉइडचं असेल, अंगभर आणि अनेक महिने लावत असाल, तर मनाने एकदम थांबवू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, रिकामी ट्यूब किंवा बरणी बरोबर न्या आणि किती दिवसांत किती ट्यूब संपतात ते खरं सांगा. डॉक्टर हळूहळू कमी ताकदीच्या मलमावर आणतील, गरज वाटली तर सकाळचं कॉर्टिसोल तपासतील. मधल्या काळात खूप थकवा, चक्कर, उलट्या, रक्तदाब उतरणं असं काही झालं तर थेट रुग्णालयात जा आणि "मी स्टेरॉइड मलम लावत होते" हे पहिलं वाक्य सांगा. शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञालाही सांगा. लाज वाटते म्हणून ही माहिती दडवली जाते आणि तिथेच जीव जाण्याची वेळ येते.

बंद केल्यावर काही आठवडे ते काही महिने त्वचा लाल होईल, गडद दिसेल, पुरळ येईल. याची आधी कल्पना असली की निभतं. साधं पेट्रोलियम जेली किंवा बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, ऊन टाळा, रोज सनस्क्रीन लावा.

त्वचा पुन्हा पहिल्यासारखी होते का?

रंग बहुतेक वेळा परत येतो. मुरुम, गजकर्ण, खरूज उपचाराने बरे होतात. पातळ झालेली कातडी काही प्रमाणात सावरते. पाऱ्यामुळे झालेला मूत्रपिंडाचा विकार लवकर लक्षात आला तर क्रीम बंद केल्यावर पुष्कळ जणींत आटोक्यात येतो, मात्र उशीर झाला तर नाही. रुंद चरे फिके होतात, जात नाहीत. ऑक्रोनोसिसबद्दल वर सांगितलंच आहे.

घरात उरलेल्या डब्यांचं काय करायचं?

कुणाला देऊन टाकू नका, जाळू नका, मोरीत ओतू नका. पारा जाळला की त्याची वाफ घरभर होते आणि ती श्वासातून जास्त बाधते. डबी घट्ट बंद करून जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. शहरात घातक कचरा वेगळा गोळा करत असतील तर तिथे द्या. नसेल तर एक डबी तपासणीसाठी डॉक्टरांकडे न्या, कारण तुमच्या डबीत पारा निघाला तर त्याच दुकानातून घेतलेल्या इतर बायकांपर्यंत पोचता येतं. ज्या टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला ते मलम लागत होतं, ते घरच्या बाकीच्या कपड्यांत धुऊ नका, टाकून द्या.